पश्चिमेचं छप्पर

निरोप आला तेव्हा त्याला आधी आनंद झाला आणि मग त्याने तो वाचला. वीज कंपनी आपण होऊन काही कळवते तेव्हा कोणाचं तरी नुकसान ठरलेलं असतं, आणि 'छतावर सोलर बसवलेले व्यावसायिक ग्राहक' एवढे शब्द दिसताच त्याच्या लक्षात आलं की ह्या खेपेला ते साडूचंही आहे. लाँड्रीत सगळं नेहमीसारखं चाललं होतं. हॉटेलच्या ओल्या चादरी मोठ्या रोलरच्या एका बाजूने आत जात होत्या, दुसऱ्या बाजूने पापडासारख्या कडक होऊन बाहेर येत होत्या, आणि चादरी लावणाऱ्या दोघी बायका कोणाच्या तरी सुनेविषयी बोलत होत्या. तो वाफेच्या कडेला उभा राहून फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचत होता. आजवर कंपनी फळीसारखी होती: दुपारी उरलेली वीज तिच्यावर ठेवायची, अंधार पडला की तेवढीच उतरवून घ्यायची. आता पहिल्या तारखेपासून दुपारची वीज दुपारच्याच भावाने जमा होणार, आणि दुपारचा भाव म्हणजे बाजार उठताना राहिलेल्या पालेभाजीचा भाव. संध्याकाळची मात्र सोन्याची. घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही. शेवटचे तीन शब्द त्याने वाचले, पण ते त्याच्या आत शिरले नाहीत. आत आधीच गर्दी झाली होती. तिथे साडू आपल्या बर्फाच्या कारखान्याच्या सपाट गच्चीवर, लखलखणाऱ्या पॅनेलच्या रांगांमध्ये डोक्याला हात लावून बसला होता, आणि ते चित्र इतकं सुबक होतं की त्याला ते घडी घालून ठेवून द्यावंसं वाटलं.

सासऱ्यांनी दोघा जावयांची नावं फार पूर्वीच पाडून ठेवली होती. थोरला वाफ, धाकटा बर्फ. सासरे हयातभर वीज कंपनीत मीटर वाचत हिंडले होते आणि निवृत्तीनंतर त्यांना वाचायला काही उरलं नव्हतं, म्हणून दोन्ही जावयांनी आपापल्या सोलरचं अ‍ॅप त्यांच्या फोनवर घालून दिलं होतं. ही कल्पना अर्थातच बर्फाची. म्हाताऱ्याचा वेळ जाईल, म्हणाला. वेळ गेलाच, पण त्याबरोबर थोरल्याची झोपही गेली. रोज सूर्य मावळला की सासरे कंपनीकडे गेलेल्या विजेचे दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावून बघत आणि रविवारी जेवताना त्यांचं वाचन करत. साडूचा आलेख म्हणजे शाळेच्या पुस्तकातला डोंगर: सकाळी चढला, दुपारी माथ्यावर पोचला, संध्याकाळी शहाण्यासारखा खाली उतरला. ह्याचा आलेख सकाळभर जमिनीला चिकटून पडलेला, जेवणवेळ टळल्यावर कुठे कोपरावर रेलून उठणारा, आणि दिवस बुडताना उगाच घाई करणारा. "वाफेला उशिरा जाग येते," सासरे म्हणत. सगळे हसत. तोही हसे. हेव्याची एक रीत असते, हसताना इतरांपेक्षा अंमळ आधी सुरू करायचं आणि अंमळ उशिरा थांबायचं, म्हणजे कोणी संशय घेत नाही.

पॅनेल त्याने घेतले होते ते मुळी साडूने घेतले म्हणून. दुकानदाराने छपराकडे बघून मान हलवली होती. उतार नुसता पश्चिमेला. दुसरी बाजू शेजारच्या गोदामाच्या सावलीत. "ऊन निम्मं वाया जाईल हो," दुकानदार म्हणाला होता; आणि दुकानदार जेव्हा माल घेऊ नका म्हणतो तेव्हा बाकीच्या जगाने ऐकावं. पण ह्याच्या कानात आदल्या रविवारचं सासऱ्यांचं "शाब्बास, धाकटे जावई!" वाजत होतं. पश्चिम तर पश्चिम. छपरावर चढून त्याने कधी पाहिलंही नाही. शिडीच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर त्याला भोवळ येई. ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. एका शब्दाने न बोलता तिने वरचं सगळं आपल्याकडे घेतलं होतं. उन्हं कलली की लांब दांड्याचं फडकं घेऊन ती वर जाई, पॅनेलवरची धूळ पुसून येई, आणि खाली आली की तिच्या तोंडावर वाऱ्याचा एक तजेला असे जो खालच्या वाफेत कोणालाच मिळत नसे. त्याला त्या तजेल्याचाही हेवा वाटे. आपल्याच छपराचा हेवा वाटणारा माणूस गावात दुसरा नसेल, असं तो कधी कधी स्वतःलाच चिडवी. चिडवून हेवा कमी होत नाही, फक्त त्याला घरच्यासारखं वाटू लागतं.

आणि ह्या सगळ्याच्या तळाशी, टाकीच्या बुडाशी साबण बसावा तशी, जुनी गोष्ट बसली होती. साडू आधी थोरलीसाठी येत असे. लपवलेलं काही नव्हतं. घरात ती थट्टेची गोष्ट होती. एका समारंभाला बर्फ पोचवायला आला आणि मग बर्फ नको असतानाही येत राहिला. बरेच दिवस. थोरली त्याला दार उघडी, तो ओसरीवर बसे, दोघं बोलत. मग काय झालं कोणास ठाऊक, एक दिवस दार धाकटी उघडू लागली. पुढे थोरलीला हा मिळाला. काय झालं होतं ते ह्याने कधी विचारलं नाही. कोणी कोणाला नाही म्हटलं? तिने त्याला म्हटलं असेल तर जगात सगळं आलबेल होतं. त्याने तिला म्हटलं असेल, तर मग ती ह्याच्या घरात दुसऱ्याने परत केलेल्या कपड्यासारखी राहत होती, आणि तिला ते रोज आठवत असेल, पोळलेल्या बोटावर फुंकर घालताना, पावत्या लावताना, त्याच्या शेजारी झोपताना. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नव्हतं. उत्तर नसेल तोवर दोन्ही उत्तरं आपली असतात. एक सुखाचं, एक दुःखाचं, आणि माणूस हौसेने दुसरंच वापरतो.

रविवारपर्यंत त्याने सहानुभूतीचं वाक्य तयार केलं. चादरी मोजताना तो ते घोळवत होता. 'वाईट वाटलं हो ऐकून.' मग त्यातला 'हो' काढला, फार गोड होत होता. मग पुन्हा घातला, कारण नुसतं 'वाईट वाटलं' खरं वाटेना. सासऱ्यांच्या दारात पोचला तेव्हा वाक्य कडक इस्त्रीचं झालं होतं.

"वाफ आली!" सासरे आतूनच ओरडले. "बर्फ यायचाय अजून. वाटेत वितळला की काय!"

बर्फ आला तो हसतच. पानं मांडली, सगळे बसले, आणि पहिला घास गिळायच्या आत ह्याने वाक्य काढलं. "वाईट वाटलं हो ऐकून. दराचं. एवढा खर्च करून बसवलं होतंत तुम्ही."

"अहो, पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हिला विचारा." साडूने धाकटीकडे बोट केलं. "मग म्हटलं, आपण बर्फ विकतो की वीज विकतो? दुपारी बर्फ गोठवून ठेवायचा, संध्याकाळी मशीन झोपवायचं. दुपारचा बर्फ काय रात्री कमी गार लागतो?"

सगळे हसले. ह्याने ह्या वेळी हसायला उशीर केला. गच्चीवर डोक्याला हात लावून बसलेला साडू उठला होता, कपडे झटकत होता.

"खरी लॉटरी तर तुमची, साडूभाऊ!" साडू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं, नुसता आनंद. दुसऱ्याच्या नफ्यावर असा आनंद करता येतो हे बघून ह्याला जरा भीतीच वाटली. "संध्याकाळची वीज सोन्याच्या भावाने जमा होणार, आणि तुमचं सगळं छप्पर पश्चिमेला! आम्ही दक्षिण दक्षिण करत बसलो. एक रांग मीही फिरवून घेईन म्हणतो. बघायला येऊ का? कोन किती ठेवलाय, खालून टेकू कसे दिलेत…"

इतकी वर्षं तो ह्याच प्रश्नाची वाट पाहत होता. बर्फाने वाफेला काही तरी विचारावं! तोंड उघडून तो 'या की' म्हणणार, तोच वाढता वाढता बायको म्हणाली, "या की. मी दाखवीन. छपराचं खातं माझ्याकडे आहे."

"जावईबापू, तुमच्याकडे काय आहे मग?" सासऱ्यांनी विचारलं.

"खालचं सगळं," तो म्हणाला. पुन्हा सगळे हसले. ताटातलं मीठ त्याने बोटाने एका बाजूला सारलं आणि परत जागेवर आणलं.

साडू आला तो नवे दर सुरू झाल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात, उन्हं कलताना. बायकोने केस वर बांधले होते. रोजच बांधत असे. पण आज बांधले होते हे त्याच्या नजरेला दिसलं आणि त्याने ते मनात लिहून ठेवलं. निळे कपडे घातले होते, तेही लिहिलं. साडूने पांढरे बूट घातले होते. छपरावर चढायला पांढरे बूट! "तुम्ही येताय ना?" साडूने विचारलं. "मी खाली थांबतो. रोलर चालू आहे." "आम्ही येतोच लगेच," बायको म्हणाली आणि शिडीवरून अशी चढली जशी दुसरी बाई माडीवर जाते. तिच्या मागून साडू. लोखंडी शिडी दोघांच्या वजनाने एकाच सुरात वाजली. मग वरच्या पत्र्यावर पावलं. तिची त्याला पाठ होती. पत्रा जिथे आडव्या खांबाला टेकलेला असतो तिथेच ती पाय टाकते, म्हणून तिचा आवाज बोथट. साडूचा पाय मध्येच पडे आणि पत्रा ढोलासारखा बोले. तो खाली त्या पावलांच्या बरोबर चालू लागला. वर ते कोपऱ्याकडे गेले, खाली हा कोपऱ्याकडे गेला. वर ते थांबले, हा वाळवणाच्या यंत्राजवळ थांबला. चादरी लावणाऱ्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मालक हिशेब करतायत, असं त्यांना वाटलं असावं, आणि ते चूक नव्हतं.

रोलरच्या घरघरीत वरचं काही ऐकू येत नव्हतं. मध्येच एखादा शब्द गाळणीतून पडावा तसा पडे. 'तेव्हा' असा एक पडला. 'तेव्हा' म्हणजे केव्हा? पॅनेल बसवले तेव्हा, की ओसरीवर बसत होता तेव्हा? साडू बराच वेळ काही सांगत होता, एकसुरी, खालच्या आवाजात. आणि मग ती हसली. अर्धंच ऐकू आलं. हसण्याचा वरचा काठ तेवढा. पण हे हसणं त्याच्या यादीत नव्हतं. तिची सगळी हसणी त्याला ठाऊक होती: गिऱ्हाइकाचं, बहिणीचं, थकल्यावरचं, त्याने विनोद केल्यावरचं मोजूनमापून दिलेलं. हे निराळं होतं. कधीचं? ओसरीवरचं? इतकी वर्षं ते तिने कुठे ठेवलं होतं? शिडीवर येते तशी भोवळ आली, आणि तो तर जमिनीवर उभा होता. पुढचं वाक्य ऐकायलाच हवं होतं. त्या एका वाक्यात सगळं होतं, कोणी कोणाला नाही म्हटलं ते, आणि नंतरची सगळी वर्षं. त्याने हात लांब केला आणि रोलरचं लाल बटण दाबलं.

लाँड्रीत कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तो एकच गोष्ट शिकवी: आत चादर असताना रोलर थांबवायचा नाही. फिरतोय तोवर तो इस्त्री करतो, थांबला की तवा होतो. आजवर तो नेम त्याने मोडला नव्हता. सासूबाई गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा, बायको समोर रडत उभी असताना, आतली चादर पुरती बाहेर आल्यावरच त्याने बटण दाबलं होतं, आणि तिने ते पाहिलं होतं. "मालक!" दोघींपैकी एक ओरडली. "चादर आत आहे!" त्याने ओठांवर बोट ठेवलं. शांतता झाली. वाफेचा एक उसासा, नळाचा थेंब. आणि वरही शांतता. बोलणं नाही, हसणं नाही, पाऊल नाही. कारण उघड होतं, पण त्याला ते क्षणभराने कळलं: खालचा आवाज एकदम थांबल्यावर वरचेही थांबले होते. खाली तो कान देऊन उभा, वर ती दोघं कान देऊन उभी, आणि मध्ये नुसता पत्रा. सगळ्या घरादाराने एकमेकांचं ऐकायचं ठरवलं होतं आणि म्हणून बोलायला कोणी उरलं नव्हतं.

"अहो!" वरून तिने हाक मारली. "लाइट गेली का?"

"नाही."

"मग?"

बाहेर ऊन अगदी आडवं झालं होतं. पश्चिमेचं छप्पर आपल्या दिवसाच्या सगळ्यात उंच जागी पोचलं होतं आणि खाली ते वापरणारं कोणी नव्हतं. तेवढ्यात वास आला. जळक्या सुताचा, गोडसर.

शिडी धडधडली. साडू आधी उतरला आणि पायाशीच असलेल्या मीटरपुढे उभा राहिला. मीटरवरचा बाण बाहेरच्या दिशेला होता. "वा!" तो म्हणाला. "ऐन भावाच्या वेळेला मशीन बंद, सगळी वीज कंपनीच्या गळ्यात! मानलं बुवा. मला कधी सुचलं नसतं." तो खरोखरच खूष झाला होता. ह्याने मान हलवली. मिळतंय ते श्रेय घ्यावं. नाकारलं तर कारण द्यावं लागतं.

बायकोने खटका ओढून रोलर उचलला, चादर ओढून काढली. मधोमध आडवा तपकिरी पट्टा उठला होता. तिने त्यावरून हात फिरवला, पट्टा आत जाईल अशी घडी घातली, घडी काखेत घेतली आणि मग त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. ती नजर त्याला वाचता आली नाही. तो मीटरवाल्याचा जावई होता, मीटरवाला नव्हता.

साडू गेल्यावर त्याने पावत्या लावता लावता, पावतीशीच बोलल्यासारखं विचारलं, "काय बोलत होते एवढं?"

"धुळीबद्दल. रोज पुसता की दिवसाआड, विचारत होते."

त्याला धुळीचा हेवा वाटला. "आणि हसलीस कशाला?"

ती आठवू लागली. तिला आठवावं लागतंय हे त्याला बरं वाटलं, आणि लगेच खोटंही वाटलं. "पाय घसरला त्यांचा. पांढरे बूट." मग थोडं थांबून, "तुम्ही रोलर थांबवलात तो त्यासाठी?"

तो पावत्या लावत राहिला. ती जळकी चादर हॉटेलला भरून द्यावी लागली; पण ती फाडून तिने फडकी केली नाहीत, कपाटात ठेवून दिली, हे त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं आणि त्याचा अर्थ लावण्यात आठवडा गेला.

पुढच्या रविवारी पानं मांडली होती. सासऱ्यांनी चष्मा पुसला, फोन ताटाशेजारी टेकवला आणि वाचन सुरू केलं. "बर्फाचा डोंगर ठीक. आता वाफ…" आणि ते थांबले. "हा काय सुळका?" कोपरावर रेललेल्या त्या आलेखाच्या शेवटी, संध्याकाळच्या उतरणीवर, एक बारीक रेघ सरळ वर गेली होती आणि तशीच सरळ खाली आली होती. "एकदम एवढी वीज बाहेर? बिघाड असणार."

"बिघाड कसला, बाबा! डोकं आहे ते," साडू म्हणाला. "मी होतो ना तिथे. ऐन भावाला ह्यांनी रोलर बंद केला."

"चादर आत असताना?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांनाही तो नेम ठाऊक होता. घरात सगळ्यांनाच होता. "का हो, जावईबापू?"

श्रेय हाताशी होतं; नुसतं हो म्हणायचं होतं. पण बायको वाढत वाढत त्याच्या मागे आली होती, आणि त्याच्या ताटावर वाकून, ताट सोडून कोणाकडेही न बघता, साध्या आवाजात म्हणाली, "भावाबिवासाठी नाही, बाबा. मी वर हसले, ते ऐकायला थांबवला."

सासरे पुन्हा त्या रेघेकडे बघू लागले, जणू आता ती त्यांना नीट दिसत होती. त्याचे कान तापले. तो पुरता उघडा पडला होता, आणि इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मग धाकटी बोलली. आपल्या नवऱ्याला वाढण्यासाठी उचललेला तिचा डाव तसाच हातात होता. "आमच्याकडेही बंद होतं हो मशीन संध्याकाळी," ती म्हणाली. "पण नुसते दर बघून."

साडू हसला. अंमळ आधी सुरू झाला आणि अंमळ उशिरा थांबला. मग त्याने बोटाने ताटातलं मीठ एका बाजूला सारलं आणि परत जागेवर आणलं. वाफ ते पाहत राहिली. लाँड्रीवाल्याला आपल्याकडचा कपडा कुठेही ओळखता येतो. हा हेवा त्याने इतकी वर्षं अंगावर वागवला होता, उन्हात घातला होता, रोज रात्री घडी घालून उशाशी ठेवला होता. आणि आज तो साडूच्या अंगावर होता, जरा सैल, पण बसेल हळूहळू. त्याला वाटलं होतं की हे बघून आनंद होईल. त्याने तो आत शोधला, सगळे खिसे चाचपले. आणि मग, घास गिळता गिळता, स्वतःचंच नवल करत, त्याने साडूच्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या सरकवला.